बिल्ड मोडणाऱ्या देवरे मॅडम

देवरे मॅडम फार रागीट होत्या, असं आमच्या जुन्या ऑफिसातले लोक अजूनही सांगतात. सांगताना हसतात, त्यांच्या आवाजाची नक्कल करतात, आणि नक्कल करणाऱ्याला टाळी मिळते. मला त्या टाळीची मनापासून चीड येते. हे सगळं मी त्या चिडीतूनच लिहितो आहे, तेव्हा यात समतोल वगैरे शोधू नका. बाई रागीट होत्याच. पण त्या कशावर रागवायच्या आणि बाकीचे कशावर गप्प बसायचे, हे नक्कल करणारे कधी सांगत नाहीत.

आमचं ऑफिस गंगापूर रोडच्या एका गल्लीत होतं. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. कोल्ड स्टोरेजवर नजर ठेवणारा प्रोग्राम आम्ही विकायचो. नाशिकच्या आसपास द्राक्षं गार करायच्या खोल्या पुष्कळ. त्या खोल्या ज्या यंत्रांनी गार होतात त्यांच्या पाइपांतून अमोनिया फिरतो, आणि तो गळला तर माणसाचे डोळे, घसा, फुफ्फुसं कशाचीच खैर नाही. म्हणून भिंतींवर सेन्सर लावायचे, त्यांच्या तारा ऑपरेटरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडायच्या, आणि काही कमीजास्त झालं की भोंगा वाजवायचा. वाजवायचा की नाही हे ठरवणारा प्रोग्राम देवरे मॅडमनी लिहिलेला. मी प्रोग्राम लिहिणारा नव्हे. साइटवर जाऊन तो बसवून देणं आणि नंतरच्या तक्रारी ऐकणं एवढंच माझं काम.

बाई मूळच्या सटाण्याकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. उंचीने बेताच्या, आवाजाने अजिबात नाही. सुती साडी आणि पायात पोरं घालतात तसले स्पोर्ट्स शूज, कारण कोल्ड स्टोरेजच्या ओल्या फरशीवर एकदा चांगल्याच आपटल्या होत्या आणि तेव्हापासून चपलांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला असायचा. नाकावर राग बसलेला असल्यामुळे तिथे चष्म्याला जागा नाही, असा आमच्याकडे विनोद होता. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तो ठेचा त्या आग्रहाने सगळ्यांना वाढायच्या आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की खूश व्हायच्या. एरवी बोलणं स्वच्छ शहरी. पण पारा चढला की थेट अहिराणी. "हाई काय शे?" असा आवाज हॉलच्या त्या टोकाकडून आला की आम्ही समजायचो, कोणाचं तरी बिल्ड मोडलं आहे.

बिल्ड म्हणजे काय, ते सांगतो. प्रोग्राम शेकडो फायलींमध्ये लिहिलेला असतो. त्या सगळ्या कंपायलरला द्यायच्या आणि त्याने त्यातून यंत्राला समजेल असा एकसंध माल तयार करून द्यायचा. त्याला काही पटलं नाही की तो थांबतो आणि स्क्रीनभर तक्रारी ओततो. याला म्हणायचं बिल्ड मोडलं. आता पोरं काय करायची, तर सगळ्यात शेवटची तक्रार वाचायची, कारण तीच डोळ्यांसमोर असते. तीच गूगलवर टाकायची आणि जे पहिलं उत्तर मिळेल ते चिकटवायचं. बाई मागे येऊन उभ्या राहायच्या.

"वर जा."

पोरगा थोडा वर जायचा.

"अजून वर. पार वर. पहिली तक्रार कुठे आहे? हं. आता मोठ्याने वाच."

"मॅडम, वाचली."

"मोठ्याने."

मग भरल्या हॉलमध्ये तो बिचारा शाळेतल्यासारखा ती इंग्रजी ओळ मोठ्याने वाचायचा आणि निम्म्या वेळा वाचता वाचताच त्याला चूक सापडायची. "पहिली तेवढी खरी," बाई म्हणायच्या. "खालची सगळी तिची पिलावळ. आईला धरलंस तर पिल्लं आपोआप येतील. तुम्ही मेले पिल्लांमागे धावता." या मोठ्याने वाचायला लावण्याचा पोरांना फार राग होता. एकाने मालकांकडे जाऊन अपमान होतो म्हणून तक्रारही केली. मालकांनी बाईंना बोलावून समजावलं, बाईंनी ऐकून घेतलं, आणि जागेवर परत येऊन त्याच पोराला म्हणाल्या, "हं, कुठपर्यंत वाचलं होतंस?"

त्यांचा आणखी एक नियम होता आणि पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. कंपायलरच्या तक्रारी दोन जातींच्या असतात. एक चूक, तिथे तो थांबतो. दुसरी ताकीद. 'मला हे जरा विचित्र दिसतंय, बघा बुवा,' एवढं म्हणून तो पुढे जातो. जगभरची पोरं ताकिदींकडे ढुंकून बघत नाहीत. बाईंनी मात्र अशी सोय करून ठेवली होती की ताकीद आली तरी बिल्ड मोडलंच पाहिजे. कोणी कुरकुर केली की म्हणायच्या, "शेजारची म्हातारी विचारते, गॅस चालू राहिलाय का गं? मग आपण आत जाऊन बघतो ना? की म्हणतो, म्हातारीला सवयच आहे?"

मग मालकांच्या डोक्यात डबा आला. आमचा प्रोग्राम जन्मापासून विंडोजवर चालत आलेला. प्रत्येक साइटवर एक मोठा पीसी ठेवायचा, तो धुळीने आणि ओलीने कधीतरी बंद पडायचा. त्याऐवजी लिनक्सवर चालणारा, तळहातावर मावेल एवढा डबा द्यायचा, असं ठरलं. कल्पना चांगली होती. बाईंनाही पटली. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर त्यांना नव्याचा तिटकारा होता अशी आवई उठवली गेली. प्रोग्राम विंडोजवरून लिनक्सवर न्यायचं काम मालकांच्या पुतण्याला मिळालं. रोहन त्याचं नाव. पुण्याहून शिकून आलेला, हसतमुख, चुणचुणीत आणि घाईचा.

पहिल्याच दिवशी बिल्ड असं मोडलं की तक्रारी संपेनात. बहुतेक एकाच प्रकारच्या होत्या: अमुक फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती. गोम अशी की, नावातलं इंग्रजी अक्षर मोठं आहे की लहान याचं विंडोजला काही वाटत नाही. लिनक्सला वाटतं. विंडोजवर वर्षानुवर्षं लिहिताना ज्याने त्याने मनाला येईल तसं लिहिलेलं. आता ती सगळी नावं सुधारत बसायचं की काय? रोहनने शक्कल काढली. ज्या फाइलवरून अडतंय तिची दुसऱ्या नावाने एक प्रत करून ठेवायची. कोणी या नावाने मागो की त्या, मिळणार. बिल्ड भराभर पुढे सरकलं आणि मालकांनी त्याची पाठ थोपटली.

पुढे काय झालं असेल, तुम्हीच सांगा. कोणीतरी भोंग्याची मर्यादा एका प्रतीत बदलली. दुसरीत जुनीच राहिली. अर्धा प्रोग्राम नव्या मर्यादेने चालणार, अर्धा जुन्या. बाईंच्या हे लक्षात आलं तेव्हा दुपारचा चहा चालू होता. कप हातात घेऊनच त्या रोहनच्या टेबलाशी गेल्या.

"हाई काय शे? एका माणसाची दोन रेशनकार्डं काढलीस तू!"

"मॅडम, बिल्ड होतंय ना पण."

"तुले वाचता येस का? बिल्ड होतंय म्हणे! त्याने तुला सांगितलं, नाव चुकलंय. तू नाव सुधारलं नाहीस, त्याचं तोंड बंद केलंस."

एवढं बोलून निघून गेल्या असत्या तर त्यांना नुसतं रागीट म्हणायला माझी हरकत नव्हती. पण त्या खुर्ची ओढून तिथेच बसल्या. संध्याकाळपर्यंत रोहनकडून एकेक नाव सुधारून घेतलं. कीबोर्डला स्वतः बोट लावलं नाही. 'मी केलं तर मला येईल,' असं त्यांचं म्हणणं. रोहन लिनक्स काय शिकला असेल ते त्या दुपारी शिकला. आज तो ठिकठिकाणी या विषयावर भाषणं देतो.

कधीतरी एकदाचं सगळं बिल्ड झालं. मालकांनी पेढे आणले. बाईंनी पेढा घेतला, जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवला आणि म्हणाल्या, "भाकरी थापून झाली. भाजली कुठे अजून?" सगळ्यांचे चेहरे पडले. आनंदावर विरजण घालायची ही एक वाईट खोड त्यांना होती, हे मलाही मान्य आहे. दुसऱ्या दिवशी मात्र त्या माझ्या मोटरसायकलवर मागे बसून दिंडोरीकडच्या एका कोल्ड स्टोरेजला आल्या. ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्या नाकात काय जातं हे लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे, असं त्या म्हणायच्या. वाटेत माझ्या गाडी चालवण्यावरही ताकिदी चालू होत्या.

तिथला ऑपरेटर भोये, सुरगाण्याकडचा. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पेठ-सुरगाण्याच्या बाया स्वेटर, कानटोपी घालून, डोक्याला रुमाल गुंडाळून सरत्या हंगामातल्या द्राक्षांच्या शेवटच्या पेट्या लावत होत्या. बाई त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही दारं कुठे उघडतात ते बघितलं. मग भोयेच्या खोलीत येऊन विचारलं, "तार तुटल्याचा भोंगा वाजतो तेव्हा काय करतोस?"

हा भोंगा वेगळा. सेन्सरची तार तुटली तर त्याच्याकडून काही कळतच नाही. गॅस आहे की नाही, देव जाणे. म्हणून बाईंनी तार तुटली तरी भोंगा वाजेल अशी व्यवस्था केली होती.

"बंद करतो, मॅडम," भोये सरळ म्हणाला. "लय वाजतो तो. उंदरं खातात तारा."

मला वाटलं, आता अहिराणी सुरू होणार. पण बाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. समोर बसून म्हणाल्या, "आधी माणसं बाहेर काढायची. मग भोंगा बंद करायचा. मग तार बघायची."

"दर वेळेला?"

"दर वेळेला."

"बाया शिव्या घालतील, मॅडम."

"मला घालू दे. माझं नाव सांग. देवरे म्हणून एक येडी बाई हाय ऑफिसात, तिचा हुकूम हाय, असं सांग."

भोये हसला. पण त्याने ते ऐकलं, आणि पाळलं.

द्राक्षांचा पुढचा हंगाम तोंडावर आला आणि डबे कधी लावताय म्हणून सगळीकडून फोन येऊ लागले. नेमक्या त्याच दिवसांत भाचीच्या लग्नासाठी बाई सटाण्याला गेल्या. आधीचं बिल्ड ऑफिसातल्या लिनक्स पीसीवरचं होतं; इकडे खुद्द डब्याच्या चिपसाठीचं शेवटचं बिल्ड एका ताकिदीवरून मोडलं. कंपायलर म्हणत होता: या ओळीतली तुलना कधीच खरी ठरणार नाही. बस, एवढंच.

ती ओळ तार तुटल्याच्या भोंग्याची होती. प्रत्येक सेन्सरसाठी प्रोग्राम एक छोटासा आकडा ठेवायचा. शून्य म्हणजे ठीक, आणि तार तुटली की उणे एक. आकडा शून्याच्या खाली गेला की भोंगा. विंडोजवर ते बरोबर चालत आलेलं. पण नव्या डब्याच्या दुनियेत त्या जातीचा छोटा आकडा उणे होतच नाही. उणे ठेवायला गेलं तर तो गुपचूप अधिक होऊन बसतो. म्हणजे शून्याच्या खाली कधीच जाणार नाही. म्हणजे भोंगा कधीच वाजणार नाही. कंपायलर दुसरं काय सांगत होता? हेच तर सांगत होता.

रोहनने ती ओळ वाचली की नाही, मला माहीत नाही. त्याने ताकिदीला थांबायचा बाईंचा नियमच काढून टाकला. एक शब्द खोडला की झालं. बिल्ड झालं, डबे भरले गेले, आणि 'डिलिव्हरी हेड' अशी पाटी त्याच्या केबिनवर लागली.

बाई लग्नाहून परतल्या. हातावर मेंदी होती. आल्या आल्या नियम गेल्याचं त्यांनी पाहिलं, तो परत घातला, आणि बिल्ड मोडलं. त्यांनी पहिली तक्रार वाचली. या वेळी मोठ्याने नाही. मग उठल्या, कपाटातून एक सेन्सर काढला, त्याची तार जुन्या पीसीलाही जोडली आणि नव्या डब्यालाही, आणि मालकांना, रोहनला, मला, सगळ्यांना बोलावलं. सगळे जमल्यावर सेन्सरपाशी तार धरून ओढली.

जुना पीसी बोंबलला. नव्या डब्यावर हिरवा दिवा तसाच, खाली अक्षरं: सर्व ठीक.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मालकांनीही पाहिलं. एवढं ढळढळीत दिसल्यावर कोणीही काय म्हणेल? मालक म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ."

"सर, एका ओळीचं काम आहे."

"एका ओळीचं नाही. ओळ बदलली की सगळं परत तपासायचं. डबे परत मागवायचे. हंगाम आपल्यासाठी थांबतो का? आणि गॅस गळला तर भोंगा वाजतोय ना? तार तुटली म्हणजे गॅस गळला असं थोडंच आहे?"

"गळला नाही हे तरी कशावरून कळणार तुम्हाला?"

"अमोनियाचा वास येतो, मॅडम."

"येतो ना. येतो तेव्हा डोळे मिटलेले असतात. दार कुठे आहे ते दिसत नाही."

तेवढ्यात रोहन म्हणाला, "मॅडम, पण ती ओळ मुळात तुमचीच आहे ना?"

"हो, माझीच आहे!" बाई कडाडल्या. "मीच लिहिली. चुकीची लिहिली. म्हणून तर म्हणतेय, मला सुधारू द्या! मशीन खोटं नही बोलस. ते ओरडून सांगत होतं, आणि तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास."

मालक उठले आणि मीटिंग संपली असं म्हणाले. आजवर मी त्या माणसाशी परत मनापासून बोललेलो नाही. चूक कोणाकडूनही होते. पण समोर तार लोंबतेय, समोर हिरवा दिवा खोटं बोलतोय, आणि हा माणूस हंगामाच्या गोष्टी करतोय. ज्या खोलीचं दार सापडलं नसतं त्या खोलीत त्याच्या घरचं कोणी पेट्या लावत नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि याचं काहीच जळणार नव्हतं.

बाईंनी मग जे केलं ते कंपनीच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्या आपल्या टेबलाशी बसल्या आणि हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेका साइटच्या ऑपरेटरला फोन लावत गेल्या. "नवा डबा आला तर येऊ दे. लाव. पण जुना पीसी काढू नको. दोन्ही चालू ठेव. का म्हणजे? नव्याला तार तुटलेली कळत नाही म्हणून." रोहन काचेआडून बघत होता. कोणी त्यांना अडवलं नाही. अडवायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचं कार्ड दाराला लागेना. वॉचमनने वर फोन केला, आणि वरून निरोप आला की मॅडमना वर सोडायचं नाही. त्यांचा जेवणाचा डबा, ठेच्याची बरणी आणि टेबलाखालचे जुने शूज घेऊन मीच खाली गेलो. त्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या.

"तू कशाला आलास? जा वर. नाहीतर तुझंही कार्ड लागणार नाही."

"मॅडम..."

"मॅडम-बिडम सोड. साइटवर तू जातोस ना? कोणी काही सांगितलं तरी जुने पीसी काढू नको. एवढं कर. मला बाकी काही नको."

रिक्षा थांबवून त्या निघून गेल्या. निरोप समारंभ नाही, साधा मेसेज नाही. ऑफिसात सांगण्यात आलं की देवरे मॅडमनी ग्राहकांमध्ये घबराट पसरवली, कंपनीची बदनामी केली, नव्या तंत्राशी त्यांचं जमत नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा! त्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये मी पहिल्यांदा कोणालातरी त्यांची नक्कल करताना पाहिलं. हसणाऱ्यांत ती पोरंही होती ज्यांना त्यांनी वाचायला शिकवलं.

जुने पीसी काढून आणायचा हुकूम मला मिळाला होता. मी काही ना काही कारण सांगत राहिलो. ऑपरेटरही बधले नाहीत. भोयेने तर मालकांनाच फोनवर सांगितलं, "देवरे मॅडमनी सांगितलंय. त्या सांगतील तवा काढीन."

दोनेक आठवड्यांत हंगाम भरात आला, तेव्हा त्याच भोयेचा सकाळी फोन आला. आधी त्याने बाईंना केला होता, मग मला. मी पोचलो तेव्हा आगीचा बंब फाटकात उभा होता आणि बाया पत्र्याच्या शेडखाली रिकाम्या क्रेटवर बसल्या होत्या. काहींचे डोळे लाल झाले होते. त्यापलीकडे कोणाला काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते असं. फोर्कलिफ्ट मागे घेताना दाराजवळच्या भिंतीला धडकली. त्या एकाच धडकेने सेन्सरची तार तुटली आणि वरच्या पाइपाचा जोडही सैल झाला. चालवणाऱ्याला वाटलं, भिंतीचं प्लास्टर तेवढं गेलं. जुन्या पीसीने तार तुटल्याचा भोंगा दिला. भोयेने नेहमीप्रमाणे आधी बायांना बाहेर काढलं, बायांनी नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या, आणि शेवटची बाई दारातून निघते तोवर त्या दारापाशी डोळे उघडे ठेवणं कठीण झालं होतं. त्या सेन्सरने गॅस ओळखायचा होता, पण तारच तुटल्यावर तो बिचारा कोणाला सांगणार?

देवरे मॅडम माझ्या आधीच तिथे पोचल्या होत्या. शाबासकी वगैरे काही चाललं नव्हतं. त्या भोयेला झापत होत्या, कारण एक बाई चपलांसाठी परत आत जायला निघाली आणि तो तिला धरायला उशिरा धावला. "चपला मी घेऊन देते म्हणावं! पायच ऱ्हायना नही तर चपलांचं काय?" भोये खाली मान घालून ऐकत होता. ती बाई अनवाणीच बसली होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

मला बघून त्या म्हणाल्या, "चल, दाखवते."

ऑपरेटरच्या खोलीत टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी होते. जुन्या पीसीच्या स्क्रीनवर लाल पट्टा: तार तुटली. त्याला लागून नवा डबा, हिरवा दिवा, सर्व ठीक. बाहेर बंब उभा, आणि इथे सर्व ठीक. तेवढ्यात माझा फोन वाजला. मालक होते. कोणाला लागलं का, हे त्यांनी विचारलं, नाही म्हणत नाही. पण लगेच म्हणाले, "आपल्या सिस्टिमने वाचवलं म्हणजे. छान. नवा डबा चालू आहे ना? एक चांगला फोटो काढ आणि पाठव."

खोली लहान होती. बाईंना शब्दन् शब्द ऐकू गेला.

"काढ," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही येऊ देत. एकाच फोटोत." आणि पुढे होऊन त्यांनी त्या हिरव्या दिव्याखाली बोट टेकवलं. "हे बघा, म्हणावं. नीट बघा."

मी फोटो काढला. लाल पट्टा, हिरवा दिवा, बाई आणि त्यांचं बोट, सगळं त्यात आलं. खाली एक ओळही लिहून पाठवली, की वाजला तो जुना, नवा गप्प होता. उत्तरात अंगठा आला. काही दिवसांनी सगळ्या डब्यांसाठी नवं व्हर्जन निघालं. त्यात ती एक ओळ सुधारलेली होती आणि सोबतच्या यादीत तिच्यापुढे लिहिलं होतं: किरकोळ सुधारणा. बाईंना ना कोणी परत बोलावलं, ना कोणी फोन केला. मी नोकरी सोडली, आणि बाई सटाण्याला राहायला गेल्या एवढं भोयेकडून कळलं.

परवा अंबडला एका औद्योगिक प्रदर्शनात गेलो होतो. आमच्या जुन्या कंपनीचा स्टॉल होता. मागच्या भिंतीवर दारापेक्षा मोठा फोटो लावलेला: नवा डबा, हिरवा दिवा, सर्व ठीक, आणि वर ठळक अक्षरांत, 'संकटाच्या क्षणी आमची साथ'. फोटो माझाच होता. जुना पीसी कापून टाकला होता. बाईंनाही कापलं होतं. पण बोट दिव्याला इतकं लागून होतं की ते कापता आलं नसावं. मनगटापासून तोडलेला हात तेवढा कडेने आत आलेला, हिरव्या बांगड्या आणि उडत चाललेली मेंदी.

एका पाहुण्याने रोहनला विचारलं, "हा हात कोणाचा हो?"

"आमच्या एका समाधानी ग्राहकाचा," रोहन हसून म्हणाला. "बघा ना, किती कौतुकाने दाखवतायत."

मी जवळ जाऊन बघितलं. बाईंनी बोट इतकं दाबून धरलं होतं की त्या मोठ्या फोटोत नख पांढरं पडलेलं स्वच्छ दिसत होतं.